इंडक्शन भांडं ओळखत नाही? आधी या चुका टाळा

इंडक्शनवर कुकर ठेवला, बटण दाबलं आणि शेगडी तापायच्या ऐवजी नुसती टीं-टीं करत राहिली, की पहिला संशय शेगडीवरच जातो. बऱ्याचदा शेगडी ठणठणीत असते. तिने भांडं तपासलं आणि नाकारलं, एवढंच झालेलं असतं. ही तपासणी कशी चालते हे कळलं तर निम्म्या तक्रारी घरच्या घरी मिटतात. शिवाय ती काय तपासत नाही हेही कळतं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण काच तडकणं, तेल पेटणं हे प्रकार तिथूनच घडतात.

काचेखाली तांब्याच्या बारीक तारा पिळून केलेलं चपटं वेटोळं असतं. घरात येणारी ५० हर्ट्झची वीज शेगडी २०,००० हर्ट्झच्या वर नेते आणि या वेटोळ्यात सोडते. पण पूर्ण ताकद लावण्याआधी ती एक अगदी छोटा झटका देऊन बघते. त्या झटक्याने वेटोळं आणि त्याला जोडलेला कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवून ठेवणारा भाग) यांच्यामध्ये वीज हेलकावे खाऊ लागते. वर काहीच नसेल तर हे हेलकावे बराच वेळ चालतात. लोखंडी बुडाचं भांडं असेल तर त्यांची ऊर्जा बुडात जिरते आणि ते चटकन थांबतात. देवळातली घंटा वाजवून लगेच तिच्यावर हात ठेवला तर नाद जसा विझतो, तसंच. आतली चिप हेलकावे मोजते: थोडे भरले तर भांडं आहे, जास्त भरले तर नाही. भांडं ठेवण्यात आणि ते तापू लागण्यात जो क्षणभराचा अवकाश जातो, त्यात हे सगळं उरकलेलं असतं.

जर्मनचं पातेलं ठेवून शेगडीला दोष देणं

ॲल्युमिनियम आणि तांबं यांच्यातून वीज इतकी सहज वाहते की तिथे उष्णता फारशी तयारच होत नाही. हेलकावे जिरत नाहीत, म्हणून शेगडीच्या लेखी ते भांडं नसल्यात जमा. नकाराला आणखी एक कारण आहे. अशा भांड्यावर जबरदस्तीने ताकद लावली तर वेटोळ्यातला करंट भलताच वाढतो आणि तो चालू-बंद करणारा आयजीबीटी हा महागडा भाग जळू शकतो. सगळ्या धातूंवर चालणाऱ्या शेगड्या जपानमध्ये मिळतात, पण त्यांची रचना वेगळी असते. आपल्याकडच्या एक बर्नरच्या शेगडीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

स्टीलचा मामला जरा अवघड आहे. ज्या स्टीलला चुंबक चिकटतं, त्यात करंट पृष्ठभागाच्या पातळशा थरात दाटून वाहतो आणि भांडं झटपट तापतं. न चिकटणाऱ्या स्टीलमध्ये तो पूर्ण जाडीभर पसरतो, म्हणून हेलकावे कमी जिरतात. असं पातेलं एका घरच्या शेगडीवर चालतं आणि दुसऱ्या घरी चालत नाही, कारण किती हेलकाव्यांना 'आहे' म्हणायचं ही मर्यादा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते.

चुंबक भलतीकडे लावून बघणं

दुकानात भांडं घेताना चुंबक बाजूला लावून बघतात. तो बुडाला लावा, आणि मधोमध लावून थांबू नका, कडेपर्यंत सरकवत न्या. नॉनस्टिक तव्यांचं अंग बहुधा ॲल्युमिनियमचं असतं आणि बुडात स्टीलची चकती दाबून बसवलेली असते. तवा २४ सेंटिमीटरचा आणि चकती जेमतेम १४ची, असं असेल तर शेगडी तव्याला नाही, त्या चकतीला मोजते. पोळी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते, ते यामुळे. चुंबक कसाबसा टेकून राहत असेल तर ते भांडं घेऊच नका.

फोडणीची कढली नाकारली जाते ती धातूमुळे नाही, आकारामुळे. बहुतेक कंपन्या बुडाचा व्यास किमान १२ सेंटिमीटर मागतात. चुकून राहिलेला चमचा किंवा सुरी तापू नये यासाठीच ही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात त्याची चाचणीच दिली आहे: १०० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि २ जाड अशी पोलादी पट्टी शेगडीवर ठेवायची, ताकद सर्वांत जास्त करायची, आणि पट्टीचं तापमान ३५ अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. तरीही चालू भांड्याच्या शेजारी काचेवर डाव, झाकण, ॲल्युमिनियम फॉइल ठेवू नका. मोठं भांडं एकदा ओळखलं गेलं की शेगडी सुरूच राहते. शेजारचं झाकण तिला वेगळं दिसत नाही.

खाली लोखंडी चकती ठेवून शेगडीला फसवणं

मातीचं किंवा जर्मनचं भांडं चालावं म्हणून बाजारात अशा चकत्या मिळतात. माझं स्पष्ट मत आहे, छोट्या घरगुती शेगडीवर त्या वापरू नयेत. शेगडीला चकती दिसते आणि ती पूर्ण ताकद लावते. चकतीतली उष्णता वरच्या भांड्यात सावकाश जाते, म्हणून चकतीच प्रचंड तापते, आणि ती थेट काचेला टेकलेली असते. काच, तिच्याखालचा तापमान मोजणारा सेन्सर आणि वेटोळं, सगळ्यांनाच त्याची झळ बसते. मातीच्या भांड्यातलं कालवण गॅसवरच करा.

भांडं ओळखलं म्हणजे सगळं सुरक्षित, असं धरून चालणं

ही सर्वांत मोठी चूक. तपासणीला फक्त धातू कळतो. भांड्यात पाणी आहे, चार चमचे तेल आहे की काहीच नाही, हे तिला कळत नाही. तापमानावर नजर ठेवायला एक छोटा सेन्सर असतो, पण तो काचेच्या खाली, मधोमध. २००० वॅटवर पातळ बुडाची रिकामी कढई काही क्षणांत धुरावते, आणि ती उष्णता काच ओलांडून सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून तेल तापवताना ताकद कमी ठेवा आणि तिथून हलू नका. काच स्वच्छ राहावी म्हणून खाली वर्तमानपत्र घालायची सवयही सोडा. कागद करपतो, आणि सेन्सर भांड्यापासून आणखी दूर जातो.

तरीही शेगडी टीं-टीं करत असेल

आधी नेहमी चालणारं दुसरं भांडं मधोमध ठेवून बघा. ते चाललं तर दोष पहिल्या भांड्याचा. जुन्या कुकरचं बूड फुगलेलं असतं. काचेवर ठेवून हलक्या हाताने फिरवला आणि भोवऱ्यासारखा फिरला, तर त्याचा बराचसा भाग काचेपासून वर उचललेला आहे. असा कुकर मधेच ओळखला जातो, मधेच सुटतो.

कुठलंच भांडं चालत नसेल तर शेगडीवर दिसणाऱ्या कोडचा अर्थ तिच्या पुस्तिकेत बघा, कारण ई-झिरोसारखा कोड सगळ्या कंपन्यांमध्ये एकच गोष्ट सांगत नाही. काहींमध्ये तो कमी व्होल्टेजचा असतो. २००० वॅटची शेगडी ९ अँपियरच्या आसपास करंट घेते, म्हणजे तिला १६ अँपियरचं सॉकेट हवं, बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड नव्हे.

यानंतर मात्र शेगडी स्वतः उघडू नका. आतलं सर्किट थेट मेनवर असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असू शकते. मेकॅनिककडे नेलीत तर त्याला एवढं जरूर सांगा: 'कुठलंच भांडं ओळखत नाही, आधी वेटोळ्याजवळचा कपॅसिटर आणि हेलकावे चिपपर्यंत नेणारे रेझिस्टर मोजा.' हे स्वस्त भाग जुने झाले की त्यांचं माप बदलतं किंवा ते तुटतात आणि मोजणी चुकते. ते न तपासताच अख्खं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) बदला असं कोणी म्हणालं, तर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा.