मुक्त विद्यापीठाची पदवी आणि मग वकिली: फी भरण्याआधी काय तपासायचं

कोर्टाच्या आवारात मी बारा वर्षं टायपिंग केलं. प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदीचे अर्ज, भाडेकरार. बारावीनंतर शिक्षण सुटलं होतं, ते मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून पुन्हा धरलं आणि २०१६ ला सीईटी देऊन एलएल.बी.ला बसले. आज माझ्याकडे वकिली करण्याचा परवाना, म्हणजे सनद आहे. जुन्या टेबलाभोवतीची माणसं अजून विचारतात, "ताई, घरबसल्या वकील होता येतं का? आणि स्वस्तात कुठं होतं?"

पदवी घरबसल्या होते. एलएल.बी. होत नाही. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणारी बार कौन्सिल ऑफ इंडिया दूरस्थ किंवा ऑनलाइन एलएल.बी. सनदेसाठी मानत नाही. वर्गात बसावं लागतं, आणि नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. त्यामुळे "कॉलेजला यायची गरज नाही" असं कुणी म्हणालं की पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

मी स्वतः थांबवलं नव्हतं, म्हणून सांगते. २०१५ साली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, एक माणूस माझ्या टेबलावर गुळगुळीत रंगीत कागद ठेवून गेला. वर दुसऱ्याच राज्यातल्या विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली "यूजीसी मान्य, नॅक मानांकित, हजेरीची सक्ती नाही", आणि कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहिलेलं: ५५,०००, दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यासाठी मी भिशी उचलायच्या बेतात होते. ज्यांचे दावे मी टाइप करायचे त्या वकीलसाहेबांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि एवढंच विचारलं, "यात बार कौन्सिल कुठंय?" कुठंच नव्हतं.

तिथून मला कळलं की "मान्यताप्राप्त" हा एक शब्द नाही. कुणाची मान्यता, आणि कशासाठी, हे दोन्ही विचारायचं. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता म्हणजे त्या विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे. यूजीसीच्याच दूरशिक्षण ब्युरोची परवानगी म्हणजे तो ठरावीक अभ्यासक्रम, त्या ठरावीक सत्रात, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येतो. बार कौन्सिलची मान्यता ही त्या विधी महाविद्यालयाची असते, आणि तिच्याशिवाय तिथली एलएल.बी. सनदेच्या अर्जाला चालत नाही. नॅक तर नुसती गुणवत्तेची श्रेणी देतं. नॅककडून उत्तम श्रेणी मिळवलेलं विद्यापीठ दूरस्थ एलएल.बी. विकू लागलं तरी ती श्रेणी सनद मिळवून देणार नाही.

पदवीसाठी तपासणी अशी करा. दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव शोधा, पण नाव सापडलं म्हणून खूश होऊ नका. तुमचा अभ्यासक्रम, तुमची पद्धत आणि तुमचं प्रवेशसत्र, तिन्ही एकाच ओळीत जुळले पाहिजेत. त्या पानाची तारखेसकट प्रिंट काढा आणि फीच्या पावतीला टाचून ठेवा. अभ्यासकेंद्र कुणाचं आहे हेही पाहा. राज्य विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणाची केंद्रं आपल्या कार्यक्षेत्राबाहेर उघडता येत नाहीत आणि खासगी क्लासवाल्याला फ्रँचायझी देता येत नाही. परराज्यातल्या विद्यापीठाचा दूरस्थ प्रवेश आपल्या गावातल्या गाळ्यात होत असेल, तर तिथे एक रुपयाही देऊ नका. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, ही दोन्ही सरकारी, जुनी विद्यापीठं आहेत (इग्नू १९८५ चं, नाशिकचं १९८९ चं), तरी अभ्यासक्रमाची ओळ त्यांच्याही बाबतीत तपासाच.

हे सगळं फार काटेकोर वाटत असेल तर ओरिसा लिफ्ट इरिगेशन प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आठवा. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांच्यावर नव्याने परीक्षा देण्याची वेळ आली. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्दच झाल्या. त्या मुलांनी फी भरली होती, पेपर दिले होते, कित्येकांना नोकऱ्याही लागलेल्या होत्या.

कागद पक्के झाले की मगच पैशांकडे वळा, आणि तिथेही माहितीपत्रकातली फी हा हिशेबाचा एक तुकडाच असतो. मला दोन कॉलेजं मिळण्यासारखी होती, दोन्ही बार कौन्सिलच्या यादीतली. एक अनुदानित, जिल्ह्याच्या ठिकाणी, वर्षाची फी ९,००० च्या आसपास. दुसरं विनाअनुदानित, माझ्याच गावात, ३२,०००. घरच्यांनी लगेच स्वस्तातलं धरलं. मी बाद झालेल्या हिरव्या लेजर पेपरच्या पाठीवर मांडून पाहिलं. टायपिंगची कमाई दिवसाला सरासरी ४००. जिल्ह्याला जायचं तर सकाळी सहाची एसटी, परत टेबलावर बसायला दोन वाजणार, म्हणजे रोजचे ३०० बुडणार. वर्षाला २०० दिवस धरले तर ६०,०००. शिवाय पासचे ६,०००. एकूण ७५,०००. गावातल्या कॉलेजात सकाळचे तास करून बाराला टेबल गाठता येत होतं, रोजचे २०० बुडणार, म्हणजे ४०,०००. फी धरून ७२,०००. वर रोजचे चार तास प्रवास वाचणार, आणि हजेरी भरणार. मी गावातलं घेतलं. तुमचे आकडे वेगळे येतील, पण बुडणाऱ्या रोजगाराचा रकाना कोरा ठेवू नका.

फी किती घ्यायची हे विनाअनुदानित कॉलेज मनाने ठरवत नाही. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ती मंजूर करतं. कॉलेजने सांगितलेला आकडा मंजूर आकड्याशी ताडून पाहा. आणि प्रवेश शक्यतो कॅप राउंडमधूनच, म्हणजे सीईटीनंतरच्या सरकारी प्रवेशफेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या फी-सवलतीच्या योजना हातच्या जातात, आणि हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. शेवटच्या टप्प्याची, म्हणजे सनदेसाठीच्या नोंदणीची, धास्ती मात्र आता कमी झाली आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणीसाठी राज्य बार कौन्सिलला खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत.

पगारी नोकरीत असाल तर आणखी एक गोष्ट आधीच ठरवा. पूर्णवेळ नोकरी करत वकिली करता येत नाही. नोकरी सोडायची नसेल आणि कायद्याचं ज्ञानच हवं असेल, तर इग्नूचा सायबर कायद्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम यांसारख्या गोष्टी दूरस्थ पद्धतीने होतात. सनद मिळणार नाही हे माहीत असताना घेतलं तर त्यात काही वाईट नाही.

आता माझ्या जाऊबाईंची गोष्ट. त्यांची दहावी झाली, मग लग्न. पुढे पूर्वतयारीची परीक्षा देऊन त्यांनी मुक्त विद्यापीठात थेट बी.ए.ला प्रवेश घेतला, ५८ टक्क्यांनी पास झाल्या. एलएल.बी.साठी खुल्या प्रवर्गाला पदवीला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०, म्हणजे गुणांचा प्रश्नच नव्हता. सीईटीचे गुणही बरे होते. कागदपत्र पडताळणीला मी सोबत होते. प्लॅस्टिकच्या फाइलमधून त्यांनी एकेक गुणपत्रिका काढून टेबलावर ओळीने मांडली. पलीकडच्या मॅडमनी दहावीचा कागद उचलला, बी.ए.चा उचलला आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "बारावी?"

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. दूरस्थ पद्धतीने केलेली पदवी चालते. पण मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठात थेट प्रवेश घेऊन मिळवलेली पदवी एलएल.बी.च्या प्रवेशाला चालत नाही. त्यांची पदवी खरी आहे, विद्यापीठ खरं आहे. हा एकच दरवाजा त्या पदवीने उघडत नाही, आणि प्रवेश घेताना अभ्यासकेंद्रावर ते त्यांना कुणी सांगितलं नाही. त्याचा मला आजही राग आहे. तेव्हा वकिलीचा विचार पुसटसा जरी असेल तरी दहावी, बारावी, पदवी हाच क्रम ठेवा. शंका असेल तर तोंडी उत्तरावर जाऊ नका, बार कौन्सिलला लेखी विचारा. राज्यातल्या विद्यापीठाकडे माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो.

जाऊबाईंनी यंदा बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बारावी झाली की पदवी पहिल्यापासून करायची असं ठरलंय. त्यांची पुस्तकं माझ्या ऑफिसच्या कपाटात असतात. दुपारी दोन वाजता येतात, पंख्याखालची खुर्ची ओढतात आणि चारपर्यंत वाचत बसतात.