जुना डिझेल पिकअप: आधी दार उघडा, मग बोनेट

अमेरिकेत जुना डिझेल पिकअप विकत घ्यायला गेलं की विकणारा आधी बोनेट उघडतो आणि इंजिन सुरू करून दाखवतो. तुम्ही आधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचे स्टिकर वाचा. ट्रक, माणसं, सामान, डिझेल सगळं धरून एकूण किती वजन चालेल तो आकडा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, तिथे असतो. टायरच्या स्टिकरवर बहुतेक वेळा आणखी एक आकडा असतो: माणसं आणि सामान मिळून किती पौंड. त्याचा फोटो काढा. ट्रक घ्यायचा की नाही, हे त्या आकड्यावर ठरवा.

ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं, हे मला माझ्या पहिल्या पाऊण टनी (२५०० किंवा एफ-२५० वर्गातल्या) ट्रकने शिकवलं. आमचा फिफ्थ-व्हील ट्रेलर भरून ११,००० पौंडांचा. अशा ट्रेलरचं साधारण पाचवा हिस्सा वजन ट्रकच्या हौद्यातल्या हिचवर, म्हणजे जोडणीवर, येतं, म्हणजे २,२०० पौंड. स्टिकर म्हणत होता २,०४०. त्यात बायको, दोन मुलं आणि खुद्द हिच यांचं वजन अजून धरलंच नव्हतं. इंजिन चढावर दमायचं नाही, पण मागचे पाटे बसलेले, पुढची चाकं हलकी, आणि उतारावरच्या वळणावर स्टिअरिंग हातात तरंगायचं. मागे मुलं झोपलेली असताना ते जाणवलं की पोटात गोळा येतो. डिझेल इंजिन स्वतःच जड असतं आणि ते वजनही याच हिशेबातून जातं. म्हणून मोठा कॅम्पर किंवा घोड्यांचा ट्रेलर ओढायचा असेल, तर सरळ एक टनी बघा, म्हणजे ३५०० किंवा एफ-३५० या वर्गातला.

आता इंजिन. फोनवरच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. कोमट लागला तर उद्या सकाळी येतो म्हणा आणि निघा. पहिल्या ट्रकच्या वेळी मी तीन तास गाडी चालवून गेलो होतो, म्हणून गरम होजकडे काणाडोळा केला. थंड इंजिनाचा पांढरा धूर त्या दिवशी मला दिसलाच नाही. महिन्याभरात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेलं.

थंड इंजिन सुरू होताना क्षणभर धूर येतो, तो चालतो. पांढरा धूर थांबतच नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत शिरतंय. निळसर असेल तर ऑइल जळतंय. इंजिन तापलं की ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तिथेच ठेवा. थोडी वाफ सगळ्याच जुन्या डिझेलना असते; झाकण थडथड उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात. इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीतही बघून घ्या, तेलाचा तवंग नको.

मैलांइतकेच इंजिनाचे तासही महत्त्वाचे, पण ते फार कमी लोक विचारतात. मैलांना तासांनी भागा. १,८०,००० मैल आणि ४,५०० तास म्हणजे सरासरी ताशी ४० मैल, ट्रक हायवेवर चाललाय. १,२०,००० मैल आणि ६,००० तास म्हणजे ताशी २०. तो कुठल्यातरी कामाच्या जागी तासन् तास नुसता घुरघुरत उभा होता. मी पहिला घेईन, मैल जास्त असले तरी.

प्रत्येक पिढीचं दुखणं ठरलेलं आहे. १९९४ ते १९९८ च्या बारा व्हॉल्व्हच्या ५.९ कमिन्समध्ये (डॉजचं इंजिन) टायमिंग गिअरच्या पेटीतली एक पिन सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते. छोटी पट्टी लावून ती अडवता येते, आधी ते करा. पुढच्या, २००२ पर्यंतच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनात व्हीपी-४४ हा इंजेक्शन पंप डिझेलवरच थंड राहतो, त्यामुळे टाकीतून डिझेल आणणारा लिफ्ट पंप दुबळा झाला की तोही जातो. फोर्डच्या ६.० पॉवर स्ट्रोकमध्ये ऑइल कूलर तुंबतो, मग ईजीआर कूलर (परत इंजिनात सोडला जाणारा धूर थंड करणारा) जातो, मग हेड गॅस्केट. शेव्हरोले-जीएमसीच्या २००१ ते २००४ च्या ड्युरामॅक्सचे इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत असल्याने मजुरीच जास्त. २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये आणि २०११ पासूनच्या ६.७ पॉवर स्ट्रोकमध्ये सीपी-४ हा जास्त दाबाचा डिझेल पंप आहे. तो आतून घासला की लोखंडाचा चुरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो. असा ट्रक असेल तर विकणाऱ्याच्या परवानगीने डिझेल फिल्टर उघडून बघा. चमचम दिसली तर पुढे बोलूच नका.

गंजासाठी जमिनीवर आडवं व्हावंच लागतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यातला ट्रक असेल तर चेसिस आणि पाट्यांचे कंस हातोडीने हलके ठोकून बघा, ब्रेकच्या नळ्या मात्र नुसत्या नजरेने तपासा. आवाज बद्द आला तर रंगाखाली काही उरलेलं नाही.

ट्रक दारात आल्यावर सगळ्यांना आधी पॉवर हवी असते. माझं ऐका, पहिले पैसे गेजवर घाला: एक्झॉस्टचं तापमान, डिझेलचा दाब, ट्रान्समिशनचं तापमान. लांब चढावर एक्झॉस्ट १,२५० अंश फॅरनहाइटच्या वर रेंगाळायला लागलं की मी पाय उचलतो, नाहीतर पिस्टन वितळू शकतात. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे असतात. मग चांगला लिफ्ट पंप आणि फिल्टर, मग ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर आणि उतारावर इंजिनाकडूनच वेग आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक. मागे हवेच्या पिशव्या जरूर बसवा, ट्रक समतल राहतो. पण त्यांनी स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही.

मोठे टायर दिसतात छान. पण ३१ इंचांवरून ३५ वर गेलात की ३.७३ गिअर गुणोत्तराचा ॲक्सल ३.३० सारखा वागतो, म्हणजे ओढण्याची ताकद जाते आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर काढून टाकलेला ट्रक घेऊ नका आणि आपल्याही ट्रकचे काढू नका. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टनुसार ते बेकायदा आहे, आणि परत बसवायला हजारो डॉलर जातात. शिवाय ती काजळी मागच्या गाडीतल्या लेकरांच्या नाकात जाते.

सगळं बसवून झालं की ट्रेलर जोडा, माणसं, पाणी, सामान नेहमीसारखं भरा आणि ट्रकच्या वजनकाट्यावर न्या. प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं मिळतं. मागच्या ॲक्सलचा आकडा दारावरच्या त्याच ॲक्सलच्या मर्यादेशी आणि टायरच्या क्षमतेशी ताडून बघा. माझे ई वर्गाचे (जड भाराचे) टायर ८० पीएसआय हवेला प्रत्येकी ३,१९५ पौंड पेलतात, म्हणजे दोन मिळून ६,३९०. काट्याने ५,९६० दाखवले, तेव्हा कुठे मी मुलांना म्हटलं, बसा.