नाव बदललं, पण ग्लोबल एंट्रीला कळवलंत का? या चुका टाळा

लग्नानंतर नाव बदललेल्या ओळखीतल्या मुलींपैकी कुणा ना कुणाचा फोन येतोच. "मावशी, बोर्डिंग पासवर टीएसए प्री येतच नाहीये. मेंबरशिप तर दोन वर्षं शिल्लक आहे!" मी विचारते, "तिकीट कुठल्या नावाने काढलंस?" पलीकडे जरा शांतता. मग, "नव्या. का?"

घोळ तिथेच असतो. लग्न झालं, सर्टिफिकेट हातात आलं, की आपल्याला वाटतं नाव बदललं. अमेरिकेतल्या यंत्रणेला मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगावं लागतं, आणि तिकीट काढताना आपण उत्साहाने त्या सगळ्यांच्या पुढे धावतो.

थोडी पार्श्वभूमी. ग्लोबल एंट्री ही अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याची, म्हणजे सीबीपीची योजना; परदेशातून अमेरिकेत येताना इमिग्रेशनमधून चटकन सुटका करणारी. सदस्यत्व पाच वर्षांचं, फी ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर. भारतीय पासपोर्टधारकांना ती २०१७ पासून खुली आहे. हिच्यासोबत टीएसए (अमेरिकेतली विमानतळ सुरक्षा यंत्रणा) प्रीचेकही मिळतं, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीत लॅपटॉप बाहेर न काढता वेगळ्या रांगेतून जाता येतं. सुटं प्रीचेक फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं. त्यामुळे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या आपल्या मंडळींना प्रीचेक हवं असेल तर रस्ता बहुधा ग्लोबल एंट्रीवरूनच जातो.

तिकीट नव्या नावाने, सदस्यत्व जुन्या नावाने

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तिकीट काढताना आपण केटीएन, म्हणजे 'नोन ट्रॅव्हलर नंबर' टाकतो. ग्लोबल एंट्रीवाल्यांचा तो नऊ आकडी सदस्य क्रमांक, म्हणजे पासआयडीच असतो. विमान कंपनी हा नंबर, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग टीएसएकडे पाठवते. तिथे सदस्यांच्या नोंदीशी ताळा होतो. नंबर बरोबर आणि नाव वेगळं असेल तर जुळणी होत नाही, आणि बोर्डिंग पासवर ती छोटी खूण उमटत नाही.

वैताग असा, की हे कुणी कळवत नाही. ईमेल नाही, मेसेज नाही. विमानतळावर उभं राहून बोर्डिंग पास बघितला की कळतं. तिथे अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून उपयोग नाही. खूण पासवर नसेल तर तो हाताने लावून देऊ शकत नाही. मुकाट्याने मोठ्या रांगेत जायचं आणि लॅपटॉप बाहेर काढायची तयारी ठेवायची.

अर्थात नाव जुळूनही कधीतरी खूण येत नाही. टीएसए अधूनमधून कुणालाही वगळते, काही विमान कंपन्या योजनेत नाहीत, कधी जन्मतारखेत चूक असते. पण नुकतंच नाव बदललेलं असेल तर आधी संशय नावावरच घ्या.

यावर उपाय साधा आहे, फक्त हौसेला जरा मुरड घालावी लागते. सदस्यत्वावरचं नाव बदलेपर्यंत जुन्या नावानेच फिरायचं: जुनं ओळखपत्र, जुना पासपोर्ट, जुन्या नावाचं तिकीट. हनिमूनची तिकिटं तर हमखास जुन्याच नावाने काढावीत. लग्नानंतर पंधरा दिवसांत नवा पासपोर्ट हातात येईल या भरवशावर नव्या नावाचं परदेशी तिकीट काढणं म्हणजे बाजारात तुरी. सदस्यत्वाची रांग सोडा, तिकीट आणि पासपोर्ट यांची नावं वेगळी असली तर चेक-इन काउंटरवरूनच परत यावं लागेल.

आपलं मधलं नाव

ही भानगड आपली खास आहे. अमेरिकन मैत्रिणीला विचाराल तर ती म्हणेल, "माझं फक्त आडनाव बदललं, अर्ध्या तासात काम झालं." आपलं तसं नसतं. समजा मुलगी नेहा सुरेश कुलकर्णी आहे. लग्नानंतर ती नेहा निखिल देशमुख होते. एका झटक्यात तीनपैकी दोन नावं गेली. आणि सासरी तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं असेल आणि तेच कागदोपत्रीही आणायचं ठरवलं, तर तिन्ही!

भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाचा वेगळा रकाना नाही. 'नेहा सुरेश' हे सगळं मिळून दिलेलं नाव, 'कुलकर्णी' आडनाव. त्यामुळे मधलं नाव बदललं की अमेरिकन नोंदीत ते पहिल्या नावातला बदल म्हणून दिसू शकतं. शिवाय विमान कंपन्यांच्या बोर्डिंग पासवर बऱ्याचदा दोन्ही शब्द चिकटून 'नेहासुरेश' असं छापलं जातं. ते बघून घाबरू नका, ती छपाईची सवय आहे. तिकीट काढताना रकान्यांत नाव नीट भरलंय ना, एवढंच बघा.

खरी अडचण येते अमेरिकेत लग्न केलेल्यांची. बऱ्याच जणींना वाटतं, लग्नाच्या दाखल्यावर हवं ते नाव लिहून घेता येतं. कॅलिफोर्नियाचंच उदाहरण घ्या. तिथे २००९ पासून विवाह परवान्याच्या अर्जातच नवं मधलं नाव आणि आडनाव नोंदवता येतं, पण मधल्या नावाचे पर्याय आडनावांच्या आसपासचे: तुमचं किंवा जोडीदाराचं आडनाव, किंवा तुमचं सध्याचं मधलं नाव आणि आडनाव जोडून केलेलं. नवऱ्याचं पहिलं नाव मधे घालणं त्यांच्या डोक्यातच नाही. म्हणजे 'नेहा निखिल देशमुख' व्हायचं तर कोर्टाचा नाव-बदल आदेश लागतो. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, आणि ते लग्नाआधी बघावेत.

माझं वैयक्तिक मत विचाराल, तर अमेरिकेत राहणार असाल आणि सासरची मंडळी हट्ट धरून बसली नसतील, तर मधलं नाव आहे तेच राहू द्या. वडिलांचं नाव मधे आणि नवं आडनाव शेवटी, यात काही बिघडत नाही. उलट एक बदल कमी झाला की पुढची निम्मी कटकट वाचते.

मराठी घरांत आणखी एक गल्लत होते. भारतीय पासपोर्टवर फक्त जोडीदाराचं नाव घालून घेणं, म्हणजे नावात बदल नव्हे. त्यात तुमचं स्वतःचं नाव तेच राहतं, पण पासपोर्ट नवा निघतो आणि नंबर बदलतो. अशा वेळी ग्लोबल एंट्रीच्या नोंदणी केंद्रावर जायची गरज नाही, नवा पासपोर्ट नंबर ऑनलाइन भरता येतो.

"ऑनलाइन बदलून टाकते"

नाही बदलता येत. टीटीपी या, ग्लोबल एंट्रीचं खातं जिथे असतं त्या सरकारी संकेतस्थळावर पत्ता बदलता येतो, नाव तेच असलेल्या नव्या पासपोर्टची माहिती भरता येते. कायदेशीर नाव बदलायला मात्र स्वतः एनरोलमेंट सेंटरवर, म्हणजे नोंदणी केंद्रावर जावं लागतं.

काही जणी इथे एक हुशारी करतात. त्या संकेतस्थळावर शिरण्यासाठी लागणाऱ्या लॉगिन डॉट गव्हच्या खात्यात नवा ईमेल, नवं नाव असं सगळं नीटनेटकं करतात आणि झालं समजतात. ते खातं म्हणजे फक्त दाराची किल्ली आहे. आतल्या सदस्यत्वाचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरी हुशारी म्हणजे नव्या नावाचा पासपोर्ट नंबर ऑनलाइन भरून टाकणं. मग नोंदीत नंबर नव्या नावाच्या पासपोर्टचा आणि नाव जुनंच, अशी खिचडी होते. नाव बदललेलं असेल तर पासपोर्टही केंद्रावरच एकदम बदलून घ्या.

क्रम चुकला की फेऱ्या वाढल्या

केंद्रावरचा अधिकारी तुमच्या शब्दावर नाव बदलत नाही, त्याला नव्या नावाची कागदपत्रं लागतात. म्हणून सदस्यत्वाचा नंबर शेवटाकडे येतो.

अमेरिकन नागरिक असाल तर आधी सोशल सिक्युरिटी, मग ड्रायव्हिंग लायसन्स, मग पासपोर्ट. पासपोर्ट निघून एक वर्षही झालं नसेल तर डीएस-५५०४ हा अर्ज भरून नाव-बदल नियमित सेवेत फुकट होतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते उगाच पूर्ण फी भरतात. नागरिकत्व घेतानाच एन-४०० अर्जात नवं नाव मागितलं असेल, तर नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरच ते येतं. पण लक्षात घ्या, तेव्हा तुमचं नावच नाही, नागरिकत्व आणि पासपोर्टचा देशही बदललेला असतो. तोही बदल केंद्रावर जाऊनच नोंदवायचा, दोन्ही एकाच फेरीत.

ग्रीन कार्डधारकांनी पासपोर्टबरोबर ग्रीन कार्डही बदलायला हवं, त्यासाठी आय-९० अर्ज. पासपोर्टवर देशमुख आणि ग्रीन कार्डवर कुलकर्णी असं घेऊन गेलात तर समोरच्याला कुठलं नाव खरं मानायचं हा प्रश्न पडणारच.

व्हिसावर असणाऱ्यांची गोष्ट भारतीय पासपोर्टपासून सुरू होते. अमेरिकेतून व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत, किंवा सुट्टीत पुण्याला गेलात तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांना एक इशारा: भारतात ग्लोबल एंट्रीचं केंद्र नाही. म्हणजे परतीचा प्रवास नव्या पासपोर्टवर पण जुन्या सदस्यत्वासह होणार. त्या दिवशी ग्लोबल एंट्रीच्या यंत्रासमोर चेहरा दाखवून चटकन निघू अशी आशा धरू नका, साध्या रांगेचा वेळ हिशोबात धरा आणि पुढचं कनेक्टिंग विमान फार जवळचं घेऊ नका. जुन्या नावाचा व्हिसा रद्द झालेल्या जुन्या पासपोर्टमध्ये असेल, तर दोन्ही पासपोर्ट आणि विवाह दाखला हँडबॅगेत ठेवा. चेक-इन सामानात नाही! अमेरिकेचं परराष्ट्र खातं अशा वेळी नव्या नावाचा व्हिसा घ्यायची शिफारस करतं, तेही ध्यानात असू द्या.

केंद्रावर जाताना

नवा पासपोर्ट, जुना पासपोर्ट, विवाह दाखला किंवा कोर्टाचा आदेश, ग्रीन कार्ड असेल तर ते, जुनं ग्लोबल एंट्री कार्ड आणि नव्या नावाचं लायसन्स. मूळ प्रती न्या, फोनमधले फोटो नकोत.

विवाह दाखला महाराष्ट्रातला असेल तर आधी घरी तो नीट वाचा. दाखला केवळ मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतर करणाऱ्याच्या सहीच्या निवेदनासह, सोबत न्या. आणि त्यावर वधूचं नाव लग्नाआधीचंच असतं. 'या दोन व्यक्तींचं लग्न झालं' एवढंच तो सांगतो, 'नेहा कुलकर्णी आता नेहा देशमुख झाली' असं नाही. म्हणून राजपत्रात नाव-बदल छापून घेतलेला असेल तर ती प्रत फार कामाला येते, कारण तिच्यावर जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी असतं. घटस्फोटानंतर माहेरचं नाव परत घेणाऱ्यांनी लग्नाचे आणि घटस्फोटाचे असे दोन्ही टोकांचे कागद न्यावेत.

नाव-बदलासाठी बऱ्याच केंद्रांवर अपॉइंटमेंट न घेता जाता येतं, पण सगळीकडे नाही. आपल्या केंद्राची सूचना आधी वाचा. बहुतेक केंद्रं विमानतळांवर आहेत, त्यामुळे पार्किंगचे पैसे वसूल करायचे तर कुणाला सोडायला जायच्या दिवशीच हे काम उरका.

नवाच अर्ज भरून टाकला तर?

नको. सदस्यत्व तेच राहतं, पासआयडी तोच राहतो, फक्त नोंदीतलं नाव बदलतं. नव्या अर्जाचे १२० डॉलर परत मिळत नाहीत. "पण क्रेडिट कार्ड ती फी देतंय ना," असं एकीने मला ऐकवलं होतं. अगं, पैसे कार्डाने दिले म्हणून पुन्हा महिनोन्‌महिने मंजुरीची वाट बघायची हौस कशाला? छापील कार्ड नव्या नावाचं हवं असेल तर त्याचे वेगळे २५ डॉलर. ते कार्ड जमिनीवरच्या आणि समुद्री सीमांवर उपयोगी पडतं, विमानतळावर ग्लोबल एंट्रीसाठी त्याची गरज नसते. कॅनडा-मेक्सिकोला गाडीने जात नसाल तर घाई नाही.

ग्लोबल एंट्री नसून सुटं प्रीचेक असेल तर सीबीपीकडे जायचंच नाही. ज्या कंपनीमार्फत नोंदणी केली, आयडेमिया, टेलोस किंवा क्लिअर, तिच्याकडेच नाव-बदल कळवायचा. ग्लोबल एंट्रीवाल्यांना उलट टीएसएला वेगळं कळवावं लागत नाही.

नाव बदललं, आता उरलेलं झाडलोट काम

विमान कंपन्यांच्या फ्रीक्वेंट फ्लायर खात्यांत जुनं नाव दडून बसलेलं असतं आणि तिकीट काढताना तेच आपोआप भरलं जातं. प्रत्येक खातं उघडून बदला, काही कंपन्या त्यासाठी दाखल्याची प्रत मागतात. ऑफिसच्या ट्रॅव्हल पोर्टलमधलं नाव तर सगळेच विसरतात. आधी काढून ठेवलेली जुन्या नावाची तिकिटं असतील तर कंपनीला फोन करून नाव दुरुस्त करून घ्या, आणि दुरुस्तीनंतर केटीएन तिकिटात शिल्लक आहे ना हे पुन्हा विचारा. केंद्रावर काम झालं त्याच संध्याकाळच्या विमानात खूण दिसेल असं धरून चालू नका, थोडे दिवस जाऊ द्या.

भारताच्या बाजूचंही एक बघून घ्या. जून २०२४मध्ये दिल्लीत सुरू झालेली आणि जानेवारी २०२५मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर पोचलेली जलद इमिग्रेशनची योजना, एफटीआय-टीटीपी, तुम्ही घेतली असेल, तर तिची मुदत पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. नोंदणी पासपोर्टवर बेतलेली आहे, त्यामुळे नवा पासपोर्ट हातात पडला की जुन्या नोंदणीवर विसंबून मुंबईच्या ई-गेटसमोर उभं राहू नका. ओसीआयवाल्यांनी, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या मंडळींनी, आधी ओसीआय कार्डावरचं नाव बदलून घ्यावं, मग या योजनेकडे वळावं.