घरं बघायला निघण्याआधी

घर घ्यायचं ठरलं की पहिली ओढ लागते ती घरं बघत फिरण्याची. ती सहा महिने आवरा आणि आधी हप्त्याचा सराव करा. पुढे जो हप्ता भरावा लागेल असा अंदाज आहे, त्यातून आत्ताचं भाडं वजा करा आणि उरलेली रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. भाडं देत नसाल तर पूर्ण हप्ता टाका. पहिले दोन महिने सोपे जातात. मग गाडीचा विमा येतो, मुलांची फी येते, घरात कुणी आजारी पडतं. त्या वेळी या खात्यात हात घालावा लागला, तर घराचा आकडा खाली आणा. किती कर्ज मिळेल हे बँक सांगते, किती झेपेल हे मात्र आपणच काढायचं असतं. सराव जमला तर साठलेली रक्कम सुरुवातीच्या भरण्याला उपयोगी पडते.

कर्जाचं गणित १ लाखावर मांडा, म्हणजे कितीही रकमेला लावता येतं. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर १ लाखाला महिना सुमारे ९०० हप्ता बसतो. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजात जातात, मुदलातून फक्त १५० कमी होतात. २० वर्षांत एकूण फेड होते साधारण २ लाख १६ हजार. हप्ता हलका व्हावा म्हणून मुदत ३० वर्षं केली, तर तो ८०५ च्या आसपास येतो आणि एकूण फेड २ लाख ९० हजारांच्या घरात जाते. महिन्याला ९५ कमी भरण्यासाठी एवढं जादा व्याज देणं मला कधीच पटलेलं नाही.

व्याजदर बदलता असेल तर जास्त जपा. सुरुवातीलाच दर ९ वरून १० टक्के झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर २० वर्षांचं कर्ज २६ वर्षांवर जातं. हप्ता बदलत नाही, त्यामुळे हे लक्षातही येत नाही. म्हणून २ टक्के जास्त दर धरून हप्ता झेपतो का ते आधीच बघा. उलट, दरवर्षी एक हप्ता जादा भरत गेलात तर हेच २० वर्षांचं कर्ज साधारण साडेतीन वर्षं लवकर फिटतं. मुदतीआधी फेडण्यावर काही शुल्क आहे का, हे सहीआधी विचारून लेखी घ्या.

स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरची कर्जं आणि कार्डांची बिलं कशी फेडली याची नोंद, आत्ताच मागवा. त्यातली चूक दुरुस्त व्हायला कधीकधी काही महिने जातात. या काळात नवं कर्ज किंवा नवं कार्ड घेऊ नका.

घराच्या किमतीशिवायचे खर्च वेगळ्या पानावर लिहा: मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकिलाची आणि कर्जाची फी, दलाली, रंग, दिवे, पडदे, सामानाची ने-आण. हे बहुतेक खिशातूनच जातात. आणि सगळी शिल्लक सुरुवातीच्या भरण्यात ओतू नका. सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, बाजूला हवाच.

आता घरं बघा, सोबत मोजपट्टी घेऊन. पलंग, कपाट, फ्रिज यांची मापं आधी लिहून न्या आणि चटईक्षेत्र, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, विचारा, कारण इतर आकड्यांत भिंती आणि जिनेही धरलेले असू शकतात. आवडलेलं घर किमान तीनदा बघा: दिवसा, रात्री आणि जमलं तर मोठ्या पावसानंतर. पावसाळ्याची वाट बघायला लागली तरी माझ्या मते ती बघण्यासारखी आहे. बाथरूमच्या मागची भिंत, खिडक्यांचे कोपरे आणि वरच्या मजल्याचं छत हाताने चाचपून बघा. भिंतीवर पांढरी क्षाराची पूड दिसली तर आत पाणी मुरतंय. सगळ्या घरात जुना रंग आणि एकाच कोपऱ्यात नवा असेल, तर का ते विचारा. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुधा निरुपद्रवी असतात, पण दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, एका टोकाला रुंद होणारी भेग इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळे नळ एकदम सोडून दाब बघा. मग सगळे बंद करून पाण्याचा मीटर बघा. टाकी भरत नसतानाही तो फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. माझी आई कुठलंही घर बघताना झोपायच्या खोलीत दार लावून पाच मिनिटं गप्प बसायची. पंप, लिफ्ट, रस्ता, शेजार, सगळं तेवढ्यात कळतं. तुम्हीही बसा. शेजाऱ्यांना मात्र प्रश्न विचारा, विशेषतः पाण्याबद्दल.

कागदांसाठी स्वतःचा वकील करा. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेसाठी. घर आजवर कुणाकडून कुणाकडे गेलं ही साखळी अखंड आहे का, घरावर जुनं कर्ज आहे का, सगळे सहमालक आणि वारस सही करणार आहेत का, इमारतीला वापराचा परवाना मिळालाय का, कर, वीजबिल, देखभाल थकलीय का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. कुणी कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाने दिलेल्या लेखी अधिकारावर, विकत असेल तर मूळ मालकाशी स्वतः बोला.

टोकनची, म्हणजे घर पक्कं करायला आधी द्यायच्या रकमेची, घाई सगळीकडे करतात, 'उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' म्हणून. कर्ज नामंजूर झालं किंवा कागदांत दोष निघाला तर टोकन परत मिळेल, एवढं एक वाक्य पावतीत लिहून मिळत नसेल तर पैसे देऊ नका. जे द्याल ते बँकेतूनच द्या.

ताबा घ्यायच्या दिवशी वीज आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, सगळ्या किल्ल्या मोजून घ्या, आणि संध्याकाळच्या आत मुख्य दाराचं कुलूप बदला.