पार्ट नंबर हातात घेऊनच गॅरेजला जा : कमी खर्चात गाडीची सर्व्हिसिंग

ओळखीचा मेस्त्री गाठला की गाडीचा खर्च निम्म्यावर येतो, असं नवीन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. हा सल्ला अर्धवट आहे. मेस्त्री कितीही जवळचा असला तरी तो बसवणार त्या पार्टची किंमत काही त्याच्या हातात नसते. बिलातला मोठा आकडा मात्र पार्टचाच असतो. लहान गाडीच्या पुढच्या ब्रेक पॅडची मजुरी आणि पॅडच्या सेटची किंमत शेजारी ठेवून बघा, म्हणजे लक्षात येईल. तेव्हा मजुरीतले शंभर रुपये तोडायला जी ताकद लावता, ती पार्ट नीट निवडायला लावा.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला न्या. सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी माफ असते. ऑइल, फिल्टर यांचे पैसे पडतातच. ते द्यायचे आणि गप्प बसायचं. वॉरंटीतल्या गाडीवर दोन-चारशे रुपये वाचवायला बाहेरचं गॅरेज गाठणं मला पटत नाही.

सर्व्हिस सेंटरला जाताना गाडीच्या पुस्तिकेतल्या मेंटेनन्सच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. कुठल्या किलोमीटरला काय बदलायचं ते त्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यापलीकडे जे काही सुचवलं जातं, म्हणजे इंजिन फ्लश, एसीचा फोम, आतली पॉलिश, उंदीर येऊ नयेत म्हणून मारायचा स्प्रे, दर वेळची इंजेक्टर क्लीनिंग, त्या सगळ्याला तिथल्या तिथे नाही म्हणा. एवढंच नाही, तर जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना कामांची यादी लिहितात त्या कागदावर, लिहून घ्या : ‘फोन करून विचारल्याशिवाय एस्टिमेटबाहेरचं काम करू नये.’ सही त्या ओळीच्या खाली करायची. पुढे वाद झालाच तर दाखवायला कागदावर काहीतरी हवं.

आता खरी अडचणीची जागा : योग्य पार्ट ओळखणं. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

दुकानात जाऊन ‘स्विफ्टचे पुढचे पॅड द्या’ असं कधीही म्हणू नका. एकाच नावाची गाडी पेट्रोलमध्ये वेगळी असते, डिझेलमध्ये वेगळी. मधल्या वर्षी मॉडेल बदललं की आतले पार्टही बदलतात. काही गाड्यांत तर एकाच वर्षी दोन वेगळ्या पुरवठादारांचे कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, बसवलेले असतात आणि त्यांचे पॅड एकमेकांना चालत नाहीत. तुम्ही फक्त नाव सांगितलं की दुकानदार फळीवर असेल ते काढून देतो. मेस्त्री चाक खोलतो, पॅड बसत नाही. मग एक तर कानस मारून बसवला जातो किंवा गाडी तशीच उघडी ठेवून पुन्हा दुकानापर्यंत फेरी पडते. कानस मारून बसवलेला पॅड घेऊन आमच्या सातारा जिल्ह्यातला केळघरचा घाट उतरायची माझी तयारी नाही. तुमचीही असू नये.

म्हणून पार्ट नंबर. तो मिळवायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे सर्व्हिस सेंटरचं जुनं बिल. बिलावर प्रत्येक पार्टच्या नावासमोर त्याचा नंबर छापलेला असतो, आणि बहुतेक जण ते बिल गाडीच्या कप्प्यात कोंबून विसरून जातात. आजच ती बिलं बाहेर काढा आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, पुढचे पॅड, मागच्या ब्रेकचे लायनर, वायपर यांचे नंबर एका कागदावर उतरवा. जुनं बिल नसेल तर आरसी बुकावरचा १७ अक्षरी चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या डीलरकडच्या स्पेअर पार्टच्या काउंटरला जा. तिथला माणूस तो नंबर टाकून तुमच्याच गाडीचा पार्ट काढून देतो. जुन्या पार्टवर नंबर कोरलेला असेल तर तोही चालतो, पण पॅड झिजून मागची पट्टी गंजलेली असली की तो वाचता येत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

नंबर जरा वाचायला शिकलात तर फसवणूक अवघड होते. मारुतीच्या नंबरातले पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात : १६५१० म्हणजे ऑइल फिल्टर, १३७८० म्हणजे एअर फिल्टर, ५५८१० म्हणजे पुढचे ब्रेक पॅड. पुढची अक्षरं गाडीचं मॉडेल सांगतात. ह्युंदाई आणि किया यांचीही पद्धत अशीच आहे : २६३०० ने ऑइल फिल्टर, ५८१०१ ने पुढचे पॅड सुरू होतात. दुकानदाराने हातात ठेवलेल्या पाकिटावरचे पहिले आकडे बरोबर आणि पुढचे वेगळे असतील, तर पार्ट त्या प्रकारचा आहे पण तुमच्या गाडीचा असेलच असं नाही. कंपनी कधीकधी जुना नंबर बंद करून नवा काढते. दुकानदार ‘नंबर बदललाय’ म्हणाला तर त्याला खोटा ठरवू नका, पण डीलरच्या काउंटरला फोन करून खात्री करा. दोन मिनिटांचं काम आहे.

नंबर हातात आला की किंमत तीन ठिकाणी विचारा : डीलरचा काउंटर, गावातलं स्पेअर पार्टचं मोठं दुकान आणि ऑनलाइन. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कंपनीच्या पाकिटात येणारे बरेचसे पार्ट गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. बॉश, डेन्सो, व्हॅलिओ, राणे, ल्युमॅक्स, युनो मिंडा यांच्यासारखे पुरवठादार ते बनवतात आणि त्यांतले बरेच जण स्वतःच्या पाकिटातही विकतात. तुमच्या गाडीला मुळात ज्याचा पार्ट येतो त्याच पुरवठादाराचं पाकीट मिळालं तर ते बिनधास्त घ्या; बहुतेक वेळा ते कंपनीच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतं. कंपन्या सुटे पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला मोकळेपणाने मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. बाहेरून पार्ट मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

मात्र ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ यांत फरक करा. लोकल म्हणजे दुसऱ्या, कमी नावाच्या कंपनीचा माल. वायपर, बल्ब, मॅट यांत तो चालून जातो. डुप्लिकेट म्हणजे नामांकित कंपनीचं खोटं पाकीट, आणि तो कशातच चालत नाही. ब्रेक, क्लच, टायमिंग बेल्ट, स्टीअरिंगचे बॉल जॉइंट आणि सेन्सर यांत दोन्ही वर्ज्य. मी या यादीत एकही सवलत देत नाही. सातारकराची गाडी सुट्टीला कास, ठोसेघर, पाचगणी करते. पसरणीच्या उतारावर तापलेल्या पॅडला आपली किंमत किती होती ते कळत नाही, त्याला फक्त धरता आलं पाहिजे.

डुप्लिकेट ओळखायचं कसं? पाकीट उजेडात धरा. एमआरपी, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क या गोष्टी पाकिटावर छापलेल्या असणं कायद्याने बंधनकारक आहे. एमआरपी चिकटवलेली असेल आणि खाली दुसरा आकडा दिसत असेल तर विचारा. होलोग्राम किंवा क्यूआर असेल तर दुकानातच स्कॅन करा, घरी जाऊन नव्हे. स्पेलिंगमधली चूक, फिक्या रंगाची छपाई, हाताला जाणवणारं कमी वजन यांतलं एक जरी दिसलं तरी पाकीट परत ठेवा. भाव इतर दोन ठिकाणांपेक्षा फारच खाली असेल तर त्याचा आनंद मानू नका. दुकानदार ‘बिल कशाला, जीएसटी वाचेल’ म्हणाला की मी तिथून निघतो. बिल नसेल तर बदलून मिळणार नाही, आणि वॉरंटीही तिथेच संपली.

जीएसटीवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या पार्टवर सरसकट १८ टक्के दर आहे. त्याआधी बऱ्याच पार्टवर तो २८ टक्के होता. बिलावर टक्का बघायची सवय लावा. कोणी अजून २८ लावत असेल किंवा एमआरपीपेक्षा जास्त मागत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

पुण्याच्या नाना पेठेत पार्ट स्वस्त मिळतात, हे खरं आहे. पण एका पॅडच्या सेटसाठी साताऱ्याहून पुण्याला जाऊ नका. पेट्रोल, आनेवाडी आणि खेड-शिवापूरचे टोल, आणि वर अख्खा दिवस, एवढं घालून काही वाचत नाही. क्लच सेट, शॉकअॅबसॉर्बर, लोअर आर्म अशी मोठी यादी एकत्र असेल किंवा घरातलं कोणी तसंही पुण्याला जाणार असेल, तरच नंबर लिहून द्या.

ऑइलचंही थोडं सांगतो, कारण इथे हौशी सल्ला फार मिळतो. ग्रेड पुस्तिकेत असते : ०डब्ल्यू-१६, ५डब्ल्यू-३० अशी. ‘घाट आहे, जरा जाड ऑइल टाक, इंजिन टिकतं’ हे ऐकू नका. नवीन इंजिनातल्या ऑइलच्या वाटा बारीक असतात आणि ती पातळ ऑइलसाठीच बनवलेली असतात. जाड ऑइलने मायलेज पडतं आणि थंडीत सकाळी ऑइल वर पोचायला वेळ लागतो. बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, त्याला कमी राख सोडणारंच ऑइल लागतं. तिथे स्वस्त ऑइल टाकून वाचवलेले पैसे डीपीएफ तुंबला की कित्येक पटींनी जातात. डबा सीलबंद आणा, समोर फोडायला लावा, आणि रिकामा झाला की त्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. रिकामे चांगले डबे पुन्हा भरून विकले जातात. सर्व्हिस सेंटरच्या बिलात किती लिटर लावलेत ते पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. लहान पेट्रोल गाडीला साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतं. चार लावले असतील तर विचारायलाच हवं.

एअर फिल्टर, केबिन फिल्टर आणि वायपर घरी बदला. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दहिवडी-म्हसवडकडे किंवा उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांनी फिरणं असेल तर एअर फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच बघा.

बॅटरी बॅटरीच्या दुकानातूनच घ्या, जुनी देऊन. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख मारून घ्या.

टायर घेताना बाजूवर कोरलेल्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षभर पडून राहिलेला टायर असेल तर दुसरा मागा.

ब्रेक ऑइलवर मात्र पैसे वाचवू नका. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर ब्रेकचा पॅडल मऊ पडतो. मेढा, महाबळेश्वरच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचं ते पुस्तिकेप्रमाणे वेळेवर बदला. आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. पॅड दुप्पट टिकतात असं मी म्हणणार नाही, पण फरक बिलात दिसतो.

आता मेस्त्री. आपला पार्ट आपण आणला की त्याची पार्टवरची कमाई जाते. हे त्याला आधीच फोनवर सांगा : ‘दादा, पार्ट मी आणतोय, तुमची मजुरी काय होईल?’ तो जी सांगेल ती द्या, घासाघीस नको. ऐनवेळी पाकिटं काढून समोर ठेवली तर तो नाराज होणारच, आणि नाराज माणसाकडून ब्रेकचं काम करून घेऊ नये. सकाळी लवकर गाडी न्या, काम चालू असताना तिथेच थांबा. चाक खोललं की जुना आणि नवा पॅड शेजारी शेजारी ठेवायला सांगा : आकार, कान, जाडी आणि झिजल्यावर चर्र वाजणारी छोटी पट्टी जुळतेय का बघा. डिस्क किमान किती जाडीची चालते तो आकडा बऱ्याच डिस्कवर कोरलेला असतो. तो मोजायला सांगा. ‘डिस्कही टाका’ म्हणणाऱ्याला मोजमापाने उत्तर मिळतं. पॅडवरचा थर ३ मिमीच्या आसपास येईपर्यंत तो फेकायची घाई नको, त्याखाली गेला की एक दिवसही थांबू नका.

जुने पार्ट मागून घ्या. नव्या पाकिटाच्या लेबलचा फोटो, ज्यात नंबर आणि एमआरपी दिसते, बिलाच्या फोटोसोबत मोबाइलमध्ये एका ठिकाणी ठेवा. आणि नवा ऑइल फिल्टर बसवायच्या आधी त्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला तो खरंच बदलला की नुसता बिलात चढवला, हे बोनेट उघडल्यावर समजतं.