बॉलिंगमध्ये बॉल दर वेळी भलतीकडेच जातोय? या चुका टाळा

आमचा चार-पाच जणांचा ग्रुप दोन-तीन महिन्यातनं एकदा हुतात्मा एक्स्प्रेस पकडून सोलापूरहून पुण्याला जातो ते खास बॉलिंगसाठी (क्रिकेटची नव्हे, लांब लेनवरून जड बॉल घरंगळवत टोकाच्या दहा पिना पाडायच्या, ती), आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "काय बे, पहिला बॉल मस्त गेला की, मग दुसरा गटरला कसा काय?" गटर म्हणजे लेनच्या कडेची पन्हळ, तिथं बॉल गेला की पिना पडतच नाहीत. तर नशिबाचा संबंध फार कमी असतो हो, आपणच दर बॉलला काहीतरी वेगळं करत असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोर लावणं. दंडाच्या ताकदीनं फेकला की मनगट वळतं, खांदा फिरतो आणि बॉल आडवा निघतो. हात खांद्यापासून झोपाळ्यासारखा मोकळा सोडा, बॉलच्या वजनानंच तो मागे जातो आणि पुढे येतो. सोडताना बॉलच्या भोकांतून आधी अंगठा बाहेर, मग दोन बोटं, आणि हात शेकहँडला करतो तसा सरळ पुढे. बॉल सुटल्यावर लगेच वळून मित्रांकडे बघू नका, दोन सेकंद त्याच पोझमध्ये थांबा, तोल जात असेल तर चूक पावलांमध्ये आहे हे तिथंच कळतं.

बॉल निवडतानाही तेच, चारचौघांसमोर जड बॉल उचलायची हौस असते. 16 पौंड ही वरची मर्यादा आहे, म्हणजे जवळपास सव्वासात किलो! पण वजनापेक्षा अंगठ्याचं भोक नीट बघा. घट्ट असेल तर अंगठा अडकतो, सैल असेल तर आपण नकळत मूठ आवळतो. मापाचा बॉल सापडला की दिवसभर तोच घ्या.

नजर कुठे असते तुमची? पिनांवर ना? पहिली पिन फाउल लाइनपासून (बॉल सोडताना जी ओलांडायची नाही ती रेघ) 60 फुटांवर आहे, एवढ्या लांब नेम धरणं अवघड. लेनवर त्या रेघेपासून 12 ते 16 फुटांच्या दरम्यान सात बाण असतात, ते त्यासाठीच. लेनला 39 पट्ट्या आणि दर पाचव्या पट्टीवर एक बाण. उजव्या हातानं खेळणाऱ्यांनी उजवीकडून दुसऱ्या बाणावरून सुरुवात करावी आणि 1 नंबरची (सगळ्यात पुढची) नि 3 नंबरची (तिच्या मागे उजवीकडची) या पिनांच्या मधल्या फटीत बॉल घुसवायचा. उभं राहताना बूट जमिनीवरच्या कुठल्या ठिपक्यावर होता हे लक्षात ठेवाच, नाहीतर बाण बघून काय उपयोग.

एक बॉल चुकला की लोक बॉल, स्पीड, जागा सगळं एकदम बदलतात. असं करू नका. बाण तोच ठेवा, फक्त पाय हलवा. बॉल ठरल्यापेक्षा डावीकडे जातोय तर तुम्हीही थोडं डावीकडे सरका, उजवीकडे जातोय तर उजवीकडे. लेनवर तेल लावलेलं असतं, खेळता खेळता ते सरकतं नि उडतं, म्हणून तासाभरानं तोच बॉल वेगळा वळायला लागतो. बॉलवरचं तेल दर वेळी पुसा, आपला सोलापुरी टॉवेल त्याला एक नंबर.

आता माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा, स्पेअर, म्हणजे पहिल्या बॉलला उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलला पाडणं. सगळे स्ट्राइकच्या (पहिल्याच बॉलला दहाही पाडायच्या) मागे, आणि उरलेली एक पिन कशीतरी फेकून सोडून देतात. हिशोब बघा, गेममध्ये दहा फ्रेम म्हणजे डाव, दर फ्रेमला दोन बॉल, आणि स्पेअर केला की 10 अधिक पुढच्या बॉलच्या पिना मिळतात. दहाही फ्रेममध्ये पहिल्या बॉलला 9 पिन पाडून एक सोडली तर 90, तीच एक दर वेळी पाडली आणि शेवटच्या जादा बॉलवरही 9 आल्या तर 190! पिन उजव्या कोपऱ्यात असेल तर डावीकडे सरकून तिरका बॉल टाका, डाव्या कोपऱ्यात असेल तर उलट.

बुटाचा तळ ओला होऊ देऊ नका, शेवटच्या पावलाला सरकणारा पाय अडकून तोंडावर आपटायची भीती असते.

आणि सराव पुण्याला गेल्यावरच होतो असं नाही. घरात शाबादी फरशीवर मोजे घालून, बॉल न घेता, चार पावलं चाला आणि शेवटचा पाय सरकवा, उजव्या हातानं खेळत असाल तर डावा. रोज दहा-पंधरा वेळा, दर वेळी त्याच फरशीच्या सांध्यावर थांबता येतंय का ते बघायचं.