रीराइट रूल लिहिताना या चुका टाळा

होमपेज उघडतंय, आतली सगळी पानं मात्र ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. असा स्क्रीनशॉट मला दर महिन्याला कोणी ना कोणी पाठवतं. सोबत पाच ठिकाणांहून उचललेल्या रीराइटच्या, म्हणजे मागितलेला पत्ता सर्व्हरने दुसरीकडे वळवायच्या, चाळीस ओळी. त्या बघण्याआधी माझा एकच प्रश्न असतो: अपाचे हा वेब सर्व्हर तुमची .एचटीॲक्सेस फाइल (हे रूल जिच्यात लिहितात ती) मुळात वाचतोय का? अपाचे २.४ मध्ये 'अलाऊओव्हरराइड', म्हणजे या फाइलला परवानगी देणारं सेटिंग, न सांगता 'नन' असतं. म्हणजे तो फाइलकडे ढुंकूनही बघत नाही आणि तक्रारही करत नाही. मी टेस्ट सर्व्हरवर फाइलच्या पहिल्या ओळीत काहीतरी अगम्य खरडतो आणि पान रिफ्रेश करतो. ५००, म्हणजे सर्व्हर एरर, आला तर फाइल वाचली जातेय. काहीच झालं नाही तर मुकाट्याने मेन कॉन्फिग उघडा. आणि अपाचेऐवजी एनजिनएक्स हा सर्व्हर असेल तर ती फाइल डिलीट केलीत तरी चालेल, तो ती कधीच वाचत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. दिवाळीच्या तोंडावर एका मिठाईवाल्यांच्या साइटचं काम होतं. तासाभरासाठी होमपेज 'लवकरच येत आहोत' या पानाकडे वळवलं, तेही ३०१ रीडायरेक्टने (ब्राउझरलाच दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं), कारण बोटांना तीच सवय. काम झालं, रूल काढला. शेठजींचा फोन: "अहो, अजून तेच पान दिसतंय!" माझ्याकडे सगळं ठीक. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर. त्यांच्या ब्राउझरने ते मनावर घेतलं होतं आणि तो होमपेजसाठी सर्व्हरला विचारतच नव्हता. घाईघाईत त्या पानावरून उलटा रीडायरेक्ट टाकला, तर गिऱ्हाइकांचे ब्राउझर दोन पानांमध्ये फुगडी घालू लागले. शेवटी 'लवकरच' पानाच्या पत्त्यावरच, रीडायरेक्ट न करता, आतल्या आत रीराइट करून होमपेज दाखवलं, तेव्हा ऑर्डरी सुरू झाल्या. तेव्हापासून नवा रीडायरेक्ट आठवडाभर ३०२ वर, म्हणजे तात्पुरता, राहतो आणि तपासणी कर्ल या कमांड लाइन टूलने, ब्राउझरने नाही. दुरुस्तीसाठी साइट बंद ठेवायची तर रीडायरेक्ट कशाला, ५०३ ('सेवा तात्पुरती बंद') द्या.

'रीराइटकंड', म्हणजे अपाचेत रूलच्या आधी लिहायची अट, फक्त लगेच खालच्या एकाच रूलला लागतो. एक कंडिशन, खाली पाच रूल, आणि मग "विचित्र वागतंय". विचित्र काही नाही.

एनजिनएक्सच्या 'ट्राय फाइल्स' (कोणत्या फाइल कोणत्या क्रमाने शोधायच्या) ओळीत शेवटच्या इंडेक्स डॉट पीएचपीमागे आर्ग्ज लिहायला विसरलात, तर पत्त्यातलं प्रश्नचिन्हापुढचं सगळं गळून पडतं. मग सर्चमध्ये काहीही टाका, शब्द पीएचपीपर्यंत पोचतच नाही.

लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कचं डॉक्युमेंट रूट (सर्व्हर जिथून फाइल देतो ते फोल्डर) 'पब्लिक' फोल्डरवरच हवं. "वरच्या फोल्डरमध्ये टाकतो, रीराइटने भागवतो" म्हणणाऱ्यांनी आपल्याच साइटच्या पत्त्यापुढे '/.ईएनव्ही' (पासवर्ड वगैरे ठेवायची फाइल) टाइप करून बघावं. डेटाबेसचा पासवर्ड दिसला, तर रूट नंतर बदला, आधी पासवर्ड बदला.